नमुना क्रमांक चौदा आणि आईचा डावा डोळा

झगवान, रविवार, दुपार

आदरणीय शादलिया मावशीस,

तुझ्या (तुझ्याच शब्दांत ‘शिकून वाया गेलेल्या’) भाचीचा, रफीकाचा, सलाम. तुझा गुडघा, बिझर्तची समुद्री हवा, गच्चीवरची मांजरं आणि काकांचं रक्तदाब मोजायचं यंत्र हे सगळं आपापल्या जागी नीट चालू असेल अशी आशा आहे. हल्ली पत्र कोण लिहितं, असं तू म्हणशील. मीही म्हटलं असतं. पण गेल्या चार वर्षांत मी तुला अकरा वेळा फोन केला आणि अकराही वेळा काकांनी, ती अंघोळीला गेलीय, असं सांगितलं. इतकी स्वच्छ बाई आपल्या घराण्यात दुसरी झाली नाही. पत्र मात्र अंघोळ संपेपर्यंत दाराशी थांबू शकतं, म्हणून हा प्रयत्न. आजी गेल्यावर तिच्या चाळिसाव्याला तुझ्यात आणि आईत जे झालं तो विषय मी काढणार नाही, हे आधीच सांगते, म्हणजे पत्र फाडायची घाई करणार नाहीस.

इकडे सगळं ठीक आहे. आई मजेत आहे. तिचा डावा डोळा तेवढा जायच्या बेतात होता, तो सध्या गेलेला नाही. पुढचं अजून ठरायचं आहे.

झालं असं की पंधरा दिवसांपूर्वी तिला नागीण उठली. कपाळाच्या डाव्या बाजूला, भुवईवर, आणि एक फोड थेट नाकाच्या शेंड्यावर. आपल्या दवाखान्यात इन्साफ नावाची नवी डॉक्टरीण आली आहे (लहान चणीची, मोठ्या चष्म्याची, बोलायला हळू). ती योगायोगाने स्वतःच्या आईसाठी नारंगीच्या फुलांचं पाणी घ्यायला आपल्या घरी आली आणि पाण्याऐवजी आईच्या नाकाकडेच बघत बसली. नाकावर फोड आला म्हणजे डोळ्याला धोका, असं तिने समजावलं. तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू करायच्या, दिवसातून पाच वेळा, नाहीतर डोळा अधू होऊ शकतो. आईने सगळं नीट ऐकून घेतलं, डॉक्टरणीला चिलगोजे घातलेला चहा पाजला, फुलांच्या पाण्याचे पैसे घेतले नाहीत, आणि ती वळणावरून दिसेनाशी होताच गोळ्यांची चिठ्ठी पिठाच्या डब्याखाली सरकवून कपाळाला स्वतःच्या हाताने काढलेलं, डोंगरावरच्या झातरच्या पाल्याचं तेल चोळलं. निर्भेळ. तू आयुष्यभर ते तेल काढलं आहेस, तेव्हा निर्भेळ झातर कातडीला कसं झोंबतं ते मी तुला सांगायला नको. फोडांच्या खाली भाजल्याचा एक वेगळा लाल पट्टा उठला आणि त्याला आई ‘गुण येतोय’ असं म्हणू लागली.

आता ही चूक कुणाची, तर माझी. ती कशी, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. चहा ठेवलास तर बरं.

मी ट्युनिसच्या प्रयोगशाळेत काय करते असं तू एकदा विचारलं होतंस आणि मी सांगायच्या आत मांजरीने काहीतरी पाडलं होतं. तर मी झाडापाल्याची तेलं विषाणूंवर टाकून बघते. महामारीच्या वर्षी आपल्या देशात निलगिरीच्या झाडावर पान उरलं नव्हतं, आठवतं? घराघरात पातेल्यात काहीतरी उकळत होतं. तेव्हा वर कुणाला तरी वाटलं, की लोक एवीतेवी हे करतातच, तर त्यात काही तथ्य आहे का हे एकदा नीट बघावं. निधी आला, यंत्रं आली, आणि आमच्या प्राध्यापक तिजानींनी सगळ्या कर्मचाऱ्यांना आपापल्या गावचं तेल आणायला सांगितलं. कुणी केफहून रोजमेरी आणली, कुणी नाबुलहून जिरेनियम. मी आईची बाटली नेली. तिला नंबर मिळाला चौदा.

मावशी, नमुना चौदाने कमाल केली. आम्ही ओठांवर पुरळ उठवणारा विषाणू वापरतो (नागिणीच्या विषाणूचा हा चुलतभाऊ, हे पुढे लागेल म्हणून लक्षात ठेव). काचेच्या बशीत जिवंत पेशी वाढवायच्या, त्यांच्यावर तो सोडायचा आणि तेलाने त्याचं काय होतं ते पाहायचं. बाकीच्या तेलांनी विषाणूला थोडंफार खरचटलं. चौदाने त्याचं नावनिशाण ठेवलं नाही. प्राध्यापकसाहेब, जे एरवी पगारवाढ मिळाली तरी हसत नाहीत, ते सूक्ष्मदर्शकावरून मान वर करून म्हणाले, “ही बाई कोण आहे?” मी म्हटलं, आई. त्यांनी मला खुर्ची दिली. सहा वर्षांत पहिल्यांदा.

फक्त एक बारीकशी गोष्ट होती. बशीतला विषाणू मेला तसा, तेलाचा जोर जरा वाढवला की, त्या पेशीही मरत होत्या. म्हणजे चोर गेला, पण घरही राहिलं नाही. हे आमच्या कामात नेहमीचंच आहे. अशा वेळी तेल पातळ करत जायचं, आणि चोर मरेल पण घर उभं राहील असा एखादा मधला पट्टा सापडतो का ते शोधायचं. चौदाच्या बाबतीत तो पट्टा केसाइतका बारीक होता. हे सगळं अहवालात लिहिलं होतं. अहवाल दोन पानांचा. पहिल्या पानावर विषाणू मेल्याचं, दुसऱ्या पानावर पेशी मेल्याचं.

आईला मी पहिलं पान दिलं.

हे वाक्य लिहून मी उठले, अंगणात एक फेरी मारून आले. कबुली एका दमात देता येत नाही. मी तिला पहिलं पानच दिलं, कारण मी आणलेल्या चौकटीत एकच पान मावत होतं. चौकट मीच विकत घेतली होती, सोनेरी काठाची. दोन पानांची चौकट दुकानात मिळाली असती का, हे मी विचारलं नाही. माझी बहीण इटलीला गेली, भावाने दुकान काढलं, आणि माझ्या कामाबद्दल आई शेजाऱ्यांना ‘बाटल्या धुते’ असं सांगायची. त्या पानावर झगवानचं नाव होतं, झातरचं होतं, खाली माझी सही होती. बैठकीच्या खोलीत अब्बांच्या फोटोशेजारी तिने ते लावलं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला, वाचता येवो न येवो, त्याच्यासमोर उभं केलं. मी बाजूला उभी राहून, अगं आई, पुरे आता, असं म्हणायचे. असं म्हणताना माणूस किती खूश असतं, ते तुला माहीत असेल.

त्यानंतर प्राध्यापकसाहेब रेडिओवर बोलले. ते अर्धा तास ‘प्राथमिक’, ‘प्रयोगशाळेपुरतं’, ‘अजून बराच अभ्यास हवा’ असंच बोलत होते, पण आपल्या गावाने त्यातलं ‘झगवान’ तेवढं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून आईच्या दाराशी बाटल्या घेऊन लोक. सर्दीला तेल, तापाला तेल. शेजारच्या मोंजियाने (शाळेच्या पहारेकऱ्याची बायको, आवाज तुझ्या आठवणीत असेलच) सुनेच्या स्वभावावर देता येईल का असंही विचारलं.

अशी सगळी तयारी झाल्यावर नागीण आली.

मला कळलं ते दुसऱ्या दिवशी, तेही मोंजियाकडून. मिळेल त्या लुआज टॅक्सीत बसून मी गावी आले. (सात जणांत मी आठवी, मांडीवर कुणाचीतरी कोंबडी.) आई भुवई सुजलेल्या अवस्थेत चुलीपाशी बसून अर्क काढायच्या भांड्याची फट कणकेने लिंपत होती. मी म्हटलं, आई, गोळ्या कुठे आहेत? ती म्हणाली, “कसल्या गोळ्या? तू भिंतीवर काय लिहिलंयस ते वाच जरा.”

मावशी, आयुष्यात मी बरेच वाद हरले आहे, पण स्वतःच्याच सहीविरुद्ध पहिल्यांदाच हरले. मी म्हटलं, तो विषाणू वेगळा होता. तिने विचारलं, किती वेगळा? मी (इथेच माझी शास्त्रीय प्रामाणिकता नडली) म्हटलं, चुलतभाऊ. “झालं तर मग! एक भाऊ ज्याला भितो त्याला दुसरा भिणार नाही?” मी म्हटलं, ती काचेची बशी होती, हे तुझं कपाळ आहे. ती म्हणाली, कपाळ बशीपेक्षा मजबूत आहे, तुम्हा तिघांना वाढवलंय त्याने. शेवटी मी दुसऱ्या पानावरचं सांगितलं, की तेलाने पेशीही मेल्या. ती म्हणाली, “मग पाणी घालून पातळ करायचं होतंत. एवढं शिकून एवढं कळलं नाही का तुम्हाला?” प्राध्यापकसाहेबांनी याच शिफारशीसाठी दोन वर्षांचा निधी मागितला आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी पापणी मिटायला लागली होती. मी इन्साफला बोलावून आणलं. आई तिला थेट चौकटीसमोर घेऊन गेली. त्या पोरीने चष्मा वर करून ते पान शेवटपर्यंत वाचलं, अगदी माझ्या सहीपर्यंत, आणि अतिशय अदबीने विचारलं, “खाला, हे किती माणसांवर करून बघितलंय?”

आई म्हणाली, “सगळ्यांवर.”

मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, एकावरही नाही. एकाही माणसावर नाही, आई. आईने विचारलं, “मग हे मला आधी का नाही सांगितलंस?” आवाज चढवून नाही, मावशी. मीठ कुठे ठेवलंस असं विचारावं तसं. मी चौकट काढली, मागची पट्टी उचकटली, पर्समधून दुसरं पान काढून पहिल्याच्या शेजारी ठेवलं (दोन वर्षं ते माझ्याच पर्समध्ये होतं, मागे दोन-चार वेळा बाजाराची यादीही लिहिली होती), आणि म्हटलं, हे तुला द्यायचं राहिलं. इन्साफ खिडकीबाहेरचं डाळिंबाचं झाड बघू लागली. चांगली मुलगी आहे.

आणि तेव्हा आई खाली बसली आणि म्हणाली, की तेलाने बरं वाटत नाहीये हे तिला पहिल्या संध्याकाळीच कळलं होतं. डोळ्याच्या मागे सुई फिरते तसं दुखतं. पण गोळी घेतली असती तर मोंजियाला कळलं असतं. मोंजियाला कळलं म्हणजे गावाला कळलं, गावाला कळलं म्हणजे रेडिओला. “मग लोक म्हणाले असते, रफीकाची आईच रफीकाचं तेल लावत नाही. तुझी खुर्ची काढून घेतली असती त्यांनी.” माझ्या खुर्चीसाठी ती डोळा घालवायला बसली होती, मावशी. प्लॅस्टिकची खुर्ची आहे गं, एक पाय हलतो.

ती गोळी घ्यायला तयार झाली, पण आधी, सगळेच खरं बोलतायत तर, असं म्हणत तिनेही एक सांगून टाकलं. तुला आपली रीत माहीत आहे. घरातली बाटली परक्याच्या दारी जाणार असली की तिच्यात सात लवंगा टाकायच्या, कुणाची दृष्ट लागू नये म्हणून. आणि ही तर सरकारी ठिकाणी, इतक्या शिकलेल्या डोळ्यांसमोर जाणार होती, म्हणून आईने सातावर न थांबता मूठभर टाकल्या. चाळीस दिवस मुरवल्या. मग साहेबांना कचरा दिसायला नको म्हणून गाळून काढल्या आणि बाटली माझ्या हातात दिली. आमच्या यंत्राने त्या तेलात लवंगेचा अंश दाखवला होता, आणि आम्ही पाच शिकल्यासवरल्या माणसांनी दोन वर्षं मान्य केलं होतं, की झगवानच्या डोंगरात लवंगेच्या गुणाची झातरची एक अज्ञात जात उगवते. प्राध्यापकसाहेब तिला शोधायला दोनदा डोंगर चढले. दुसऱ्या वेळी घोटा मुरगळला.

मी त्यांना फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं, आता खुर्ची खरंच गेली. मग पलीकडून कागद सरकवल्याचा आवाज आला आणि त्यांनी विचारलं, “साधारण किती लवंगा?” नमुना चौदाचे आकडे रद्द झाले. त्यांची जागा ‘पारंपरिक मिश्रणे’ या नव्या प्रस्तावाने घेतली आहे.

गोळ्यांच्या बाबतीत आईची एकच अट होती, की कुणाला कळता कामा नये. म्हणून सात दिवस, दिवसातून पाच वेळा, आम्ही दोघी काही कारण काढून कोठीघरात जायचो आणि ती ऑलिव्हच्या बरणीमागे उभी राहून गोळी गिळायची. फोड सुकले. खपल्या पडल्या. मोंजियाने येऊन कपाळ तपासलं आणि गावभर सांगितलं, की तेलाने नागीण आठवड्यात घालवली. तेलाची मागणी दुप्पट झाली आहे. मी, जी पुरावा तपासून पगार घेते, ती अंगणात उभी होते आणि गप्प होते. घराघरात किती वेळा असंच झालं असेल, असं राहून राहून मनात येतं. कोठीघरात कुणीतरी गोळी घेतो, आणि अंगणात झाडाला श्रेय मिळतं. आणि तरीही, मावशी, त्या बशीत लवंग आणि झातर मिळून काहीतरी घडलं होतं हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, तेही मला पुसून टाकता येत नाही. पण पाहणारा डोळा माझा होता. पणाला लागला तिचा.

त्याबद्दल थोडं. गेल्या आठवड्यात तिला ट्युनिसला डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं होतं. बुबुळाला सूज आहे. त्यांनी थेंब दिले, वाफेपासून लांब राहायला सांगितलं, आणि येत्या शुक्रवारी परत आणा, मग महिनाभर दर शुक्रवारी, असं बजावलं. चुकवलंत तर पांढरा डाग कायमचा राहील. पहिल्या वेळी ती आली, कारण झातर अजून उमललं नव्हतं. आता डोंगर जांभळा झाला आहे. फुलांचे दहा-बारा दिवस, वर्षाचं तेल त्यातच. आई काळा चष्मा लावून भांड्यापाशी बसते, आणि त्याच डाव्या बाजूला भांड्याची वाफ गळते, कारण वरचं चोचवालं झाकण पत्र्याचं आहे, स्थानिक कारागिराकडून घाईत करून घेतलेलं, आणि त्याची फट दर दहा मिनिटांनी कणकेने लिंपावी लागते. (पत्र्याचं झाकण का करून घ्यावं लागलं, तो विषय मी काढत नाही.) मला जमत नाही. मी एकदा प्रयत्न केला, पाला करपला, आणि वरच्या आळीपर्यंत वास गेला. शुक्रवारी भांडं कुणावर सोडून जाऊ, असं ती विचारते.

असो. पत्र फार लांबलं. तुझी प्रकृती सांभाळ, गुडघ्याला ऊब दे, काकांना आदराने सलाम सांग. मांजरांनाही.

तुझीच,
रफीका

ता. क. – काही विशेष कारण नाही, पण बिझर्तहून ट्युनिसची गाडी सकाळी साडेसहाला सुटते आणि झगवानची लुआज तिथून पुढे सहज मिळते, हे मी चौकशी करून ठेवलं आहे. भांडं चालवता येणारी या जगात दोनच माणसं उरली आहेत, आणि दुसरीचा पत्ता या पाकिटावर आहे. शुक्रवारपुरतं. फार तर चार शुक्रवारांपुरतं.

आणखी एक – विषय काढणार नाही असं म्हटलं होतं, तरी काढते. आजीच्या चाळिसाव्यानंतर तू तांब्याचं झाकण बिझर्तला नेलंस आणि भांडं आईकडे राहिलं, त्यात चूक कुणाची हे ठरवायला मी येत नाही. दोघींचंही बरोबर असेल. पण तुझा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे आणि त्यात ते झाकण काय करत असेल, मला कल्पना नाही. येताना ते पिशवीत घातलंस, तर वाफ आईच्या डोळ्यावर येणार नाही. परत जाताना तू ते घेऊन जा. कुणी अडवणार नाही, मी लिहून देते. दोन्ही पानं देईन.

शेवटचं – आईने मला तुला बोलवायला सांगितलेलं नाही, हे स्पष्ट असू दे. तिला हे पत्र माहीतही नाही. तिने मघाशी नुसतं विचारलं, की बिझर्तला टपाल पोचायला हल्ली किती दिवस लागतात. मी म्हटलं, उद्या टाकलं तर बुधवारी मिळेल. ती चांगल्या डोळ्याने भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे गुरुवारी.” गुरुवारी काय, ते मी विचारलं नाही. पाहुण्यांची गादी तिने कालच उन्हात टाकली आहे.